डाव्या सीटचं परीक्षण

राजाजीनगर, बेंगळुरू
३ ऑगस्ट २०२५

प्रिय उल्हास,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. आई पंच्याऐंशीची झाली, पण अजून माझ्यापेक्षा खणखणीत आवाजात भाजीवाल्याशी भांडते. फोन सोडून पत्र लिहितोय म्हणजे विषय कुठला हे तुला कळलंच असेल. गाड्यांबद्दल फोनवर बोलायचं नाही, लिहायचं, हा आपला नियम. तुझ्या वडिलांची पुण्याला बदली झाली, आमचा वरचा मजला रिकामा झाला, आणि ट्रंककॉल परवडत नव्हता म्हणून आपण तो केला. आता फोन फुकट आहे. पण नियम तो नियम.

तर बातमी अशी की मी मार्लेट घेतोय.

हो, तीच. दोन सीटची, उघड्या टपाची. आपल्या वेळची नव्हे, कंपनीनं त्याच नावानं अलीकडे पुन्हा काढलेली. अमित म्हणून एक नागपूरचा मुलगा आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो, कामानिमित्त पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपला यायचा. त्यानं हौसेनं घेतली आणि आता कायमचा परदेशी निघालाय. अनोळखी माणसाच्या हातात द्यायला त्याचा जीव होत नाही, म्हणून आधी मला विचारलं. रम्याचं म्हणणं, "आत तुम्ही बसाल हो, बाहेर कोण काढणार?" बायको झाली तरी बोलते खरं.

सोबत पाच मासिकांमधली परीक्षणं कापून पाठवतोय. पाचही जण गाडीच्या प्रेमात पडलेत. पण तुला ठाऊक आहे, माझा खरा विश्वास कुणावर आहे ते. अव्हेन्यू रोडच्या फूटपाथवर आपल्याला ते जुनं विलायती मासिक मिळालं होतं, आठवतं? गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून आपण मार्लेटचं परीक्षण अक्षरशः पाठ केलं होतं. त्याचा शेवट मला अजून येतो. मराठीत सांगायचं तर, "ही गाडी घाईत असलेल्याची नाही. वळणाला मान देणाऱ्याला ती सगळं देते, आणि शेजारी बसलेल्यालाही त्यातला वाटा मिळतो." असं लिहिणारे परीक्षक आता राहिले नाहीत रे. त्या माणसाच्या शब्दावर मी डोळे मिटून गाडी घेईन.

आता मुद्द्याचं. आपला करार होता. ज्याला मार्लेट आधी मिळेल त्यानं किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची, पहिल्यांदा चालवायची ती दुसऱ्यानं, आणि न्यायची नंदी हिल्सवर. मी अजून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तू येऊन चालवल्याशिवाय लावणारही नाही. दसऱ्याच्या आयुधपूजेला गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये उभी पाहिजे, तेव्हा त्याच्या आत ये.

तुझा
रणजीत


सहकारनगर, पुणे
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय रणज्या,

पत्र आणि कात्रणं मिळाली. प्रमोदिनीनं एका बैठकीत सगळी वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाली, "ही गाडी आहे की जावई?"

तुझी पाच परीक्षणं म्हणजे मुलगी बघायला जाऊन पोहे खाल्ल्याचा वृत्तान्त आहे. पोहे नेहमीच उत्तम असतात. कंपनीनं स्वतः घासूनपुसून, टाकी भरून दिलेली गाडी, पहाटेचा मोकळा घाट, मुक्काम बड्या हॉटेलात. दोन दिवसांनी किल्ली परत. पहिल्या सर्व्हिसिंगचं बिल यायच्या आत परीक्षक दुसऱ्या मुलीकडे पोहे खायला गेलेला असतो. आणि तुझ्या दुसऱ्या कात्रणाच्या पाठीमागे काय आहे ते बघितलंस का? त्याच कंपनीची पानभर जाहिरात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

तरी परीक्षणं वाचू नयेत असं मी म्हणणार नाही. वाचायची कशी ते आपण लहानपणीच शिकलो होतो. स्तुती सोडून द्यायची आणि जे जाता जाता दबक्या आवाजात लिहिलेलं असतं ते धरायचं. "सस्पेन्शन किंचित कडक" म्हणजे तुमच्याकडच्या स्पीडब्रेकरवर कंबर जाणार. "सामानाला पुरेशी जागा" म्हणजे एक टूथब्रश आणि त्याचा मालक. "चालकाशी प्रामाणिक" म्हणजे उन्हात भाजून निघाल. आणि "स्टिअरिंग तुमच्याशी बोलतं" असं पाचही जणांनी लिहिलंय. राजाजीनगर ते पीण्या या रस्त्यावर ते काय बोलेल ते ऐकवण्यासारखं नसेल.

घे, पण डोळे उघडे ठेवून घे. एवढंच.

येण्याचं मात्र जमेलसं दिसत नाही. ऑफिसात ऑडिट चालू आहे, कुणाला हलू देत नाहीत. तूच चालव. सोळाव्या वर्षी गच्चीवर केलेले करार कुठल्या कोर्टात टिकतात?

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या हातचं सांबार अजून नुसत्या आठवणीनं भूक लावतं.

तुझा
उल्हास


राजाजीनगर
२४ ऑगस्ट २०२५

उल्हास,

प्रिय वगैरे पुढच्या वेळी. आज मी चिडलोय.

शनिवारी गाडी बघायला इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलो होतो. अमितच्या इमारतीच्या तळघरात ती उभी होती, गर्द हिरवी. टप खाली केला, मी डावीकडून फेरी मारली, उजवीकडून मारली, मग कसाबसा आत उतरून बसलो. इंजिन अमितनं बाहेरून हात घालून सुरू केलं. तळघरात तो आवाज असा घुमला की वॉचमन धावत आला आणि म्हणाला, "सार, स्वल्प कमी माडी, आवाज जरा कमी करा, वर बाळ झोपलंय." मी हसलो, पण डोळे भरून आले होते. अमित म्हणाला, "काका, एक चक्कर मारा की." मी नाही म्हटलं. "मग मी फिरवून आणतो." तेही नाही म्हटलं. त्याला वाटलं असेल हा माणूस वेडा आहे.

त्याच दुपारी भार्गवीला भेटलो. तुझी लेक एवढ्या जवळ नोकरीला आहे आणि तिला न भेटता परत यायचं? दोघांनी डोसा खाल्ला. मी तुझ्या ऑडिटबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "ऑडिट? बाबांनी तर मार्चमध्येच नोकरी सोडली, काका. तुम्हाला सांगितलं नाही?" आणि मग तिनं जीभ चावली.

नाही सांगितलं. नोकरी सोडल्याचं सांगितलं नाहीस आणि वर खोटं ऑडिट लावलंस. का? न येण्यासाठी? मी रात्रभर विचार केला आणि मला एकच कारण सापडलं, ते लिहायलाही लाज वाटते. तुला हेवा वाटतो का रे? आपण दोघांनी मिळून ज्या गाडीचं वेड घेतलं ती मला मिळते आहे म्हणून? तसं असेल तर सरळ लिही. मी गाडी सोडतो.

आणि दुसरं. पूर्वी तुझं पत्र म्हणजे मुंगीसारखं अक्षर, समासातसुद्धा मजकूर. आता एका पानावर सात-आठ ओळी, त्याही हातभर अक्षरात, वर जात खाली येत. माझ्यासाठी तेवढाही वेळ उरलेला नाही का? पाट्या टाकल्यासारखं पत्र लिहायचं तर कशाला लिहायचं?

रणजीत


पुणे
४ सप्टेंबर २०२५

प्रिय रणजीत,

हेवा नाही. तो शब्द तुझ्या हातून उतरला याचं वाईट वाटलं.

ऑडिटचं खोटं होतं. नोकरी सोडली, कारणं घरची आहेत. ती राहू देत.

मला तुला दुसरंच सांगायचं आहे, कारण तू एवढी मोठी वस्तू भलत्याच भरवशावर घेतो आहेस. ते शेवटचं वाक्य, ज्याच्यावर तू डोळे मिटून विश्वास ठेवतोस, ते त्या विलायती परीक्षकाचं नाही. ते माझं आहे.

आठवून बघ. फूटपाथवरून आणलं तेव्हा त्या मासिकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. परीक्षण होतं, निकाल नव्हता. तू रुसून बसलास. मग मी बाबांच्या टाइपरायटरवर शेवटचं पान लिहिलं आणि आपण दोघांनी ते गव्हाच्या खळीनं चिकटवलं. तुला तेव्हा ठाऊक होतं, आपण हसलोही होतो. इतक्या वर्षांत तू तेवढं विसरलास आणि पान खरं धरून चाललास.

ते लिहिणाऱ्या मुलानं तोपर्यंत लूनासुद्धा चालवली नव्हती. त्याला माहीत होती फक्त तुझ्या वडिलांची, विठोजीकाकांची जीप. काका आपल्याला नंदीला न्यायचे, तू मागे दांडा धरून उभा राहायचास आणि मी त्यांच्या शेजारी डावीकडे. ते प्रत्येक वळणाआधी गाडी अशी हळू करायचे की जणू समोरून कुणी वडीलधारं येतंय. तेवढ्या अनुभवावर मी जगातल्या सगळ्या मार्लेट गाड्यांचा निकाल दिला. तेव्हा त्या वाक्यावर जाऊ नकोस. आणि माझी वाट बघू नकोस. चालव आणि ठरव.

उल्हास


ता. क. रणजीत भावजी, हे मी, प्रमोदिनी. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली मुद्दाम बारीक अक्षरात लिहिते आहे. एवढं बारीक त्यांना वाचता येत नाही.

साखरेनं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर घाला घातलाय. दोन्ही डोळ्यांना मधोमध दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. इंजेक्शनं झाली, लेसर झालं. आहे एवढं टिकेल, गेलं ते येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. गाडी चालवायची नाही असं फेब्रुवारीत सांगितलं, त्याच आठवड्यात आमची गाडी विकली. महिन्याभरानं नोकरी सोडली. नातेवाइकांना माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे. फक्त तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातलीय. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जगात एका तरी माणसाच्या डोक्यात मी अजून गाडी चालवतोय. ते राहू दे."

तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. अक्षराबद्दल लिहिलं होतंत तेवढा भाग मी गाळला. हेव्याचा गाळता आला नाही, कारण त्याच्याशिवाय पुढचं जुळेना. त्या रात्री ते जेवले नाहीत. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्हाला काय माहीत. पण आता माहीत झालं, तर काय करायचं ते तुम्ही बघा. शपथ मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर.


राजाजीनगर
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय उल्हास,

या खेपेला मीही मोठ्या अक्षरात लिहितोय. वर्कशॉपमध्ये खोक्यांवर नावं टाकायचं जाड काळं पेन असतं ते आणलंय. पानं बरीच होतील. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. खिडकीपाशी बस, कागद थोडा बाजूला धर, आणि तू स्वतः वाच. वेळ लागला तर लागू दे.

आता तुला कळलं की मला कळलंय. प्रमोदिनी वहिनींना एक शब्द बोलशील तर याद राख.

हेव्याबद्दल मी काय लिहू? पंधरा दिवस पेन उचलत होतो आणि ठेवत होतो. मी मूर्ख आहे रे. तुझं एकेक मोठं अक्षर तू किती कष्टानं काढलं असशील आणि मी त्याला पाट्या टाकणं म्हणालो. मला माफ कर. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर तू थट्टा करशील.

त्या वाक्याचं. मी आईला विचारलं, "आई, आमच्या मासिकाचं शेवटचं पान उल्हासनं लिहिलं होतं का गं?" ती कुकरला शिटी लावता लावता म्हणाली, "व्हय की रे. दुपारभर माझ्या डोसक्यावर टकटक टकटक. पान फाटलंय म्हणून तू जेवत नव्हतास, तर त्या पोरानं लिवून दिलं. तुला नेनप न्हाई?" तिला ऐंशी पार केल्यावर आठवतंय आणि मला नाही. तसं बघता शंका मला मधल्या वर्षांत तरी यायला हवी होती. आधीची सगळी पानं आपण डिक्शनरी घेऊन वाचली, आणि एकटं शेवटचं पान डिक्शनरीशिवाय कळलं!

मग मी ती पाचही परीक्षणं पुन्हा वाचून काढली, आणखीही मिळवून वाचली. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सगळे परीक्षक उजवीकडे बसतात. एकजात सगळे. स्टिअरिंग, क्लच, गिअर, ब्रेक, सगळं त्यांच्या हातापायाला काय वाटलं ते. दोन सीटची गाडी, म्हणजे अर्धी गाडी डावीकडे आहे, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. डावीकडे बसून वारा कसा लागतो, वळणावर धरायला काय आहे, बोललेलं ऐकू येतं का, काहीसुद्धा नाही. शेजारी बसलेल्याला त्यातला वाटा मिळतो, असं आजवर एकाच माणसानं लिहिलंय. तो सोळा वर्षांचा होता.

तर मला डाव्या सीटचं परीक्षण हवंय. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही. अमित ऑक्टोबरअखेर निघतोय, तोवर थांबायला तयार आहे. आयुधपूजा गाडीशिवाय होईल, होऊ दे. लेथला हार घालीन, कोहळा फोडीन, आणि गाडीची जागा रिकामी ठेवीन.

तू नाही आलास तर मी ती घेणार नाही. हे रुसून लिहीत नाही. एकट्यानं बसायला मला दोन सीटची गाडी कशाला?

तुझा
रणजीत


पुणे
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय रणज्या,

पत्र स्वतः वाचलं. सकाळी सुरू केलं, जेवायच्या वेळेला संपलं. मधे दोनदा उठलो. पण स्वतः वाचलं. मार्चपासून हे पहिलंच.

प्रमोदिनीवर चिडलो होतो. ती म्हणाली, "चिडा, पण आधी पत्र संपवा." संपेपर्यंत राग राहिला नाही.

आता तुला खरं लिहितो. समोर बघितलं की मधोमध ओल्या बोटानं पुसल्यासारखं दिसतं. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. तू समोर आलास तर मी तुझ्या खांद्यापलीकडे बघत बोलेन, गैरसमज करून घेऊ नकोस. रस्ता दिसत नाही, रस्त्याच्या कडेची झाडं दिसतात. गाडी विकली त्या दिवशी मी घेणाऱ्याला किल्ली दिली आणि तो ती घेऊन गेला तेव्हा मला गाडी जाताना दिसली नाही, फक्त फाटकाचे दोन खांब दिसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

येतो. पण एक अट आहे. दया म्हणून नेणार असशील तर आत्ताच सांग, मी येत नाही. परीक्षण हवं असेल तर परीक्षण मिळेल, आणि गाडी वाईट निघाली तर वाईट लिहीन. तुझी पोळी खाऊन टाळी वाजवणार नाही.

दसरा झाला की आम्ही दोघं भार्गवीकडे येऊ. काकूंना सांग, सांबार.

उल्हास


इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय रणजीत,

काल संध्याकाळी तू मला भार्गवीच्या फ्लॅटवर सोडून गेलास, आणि आज मी याच शहरातून तुला पत्र लिहितोय. भार्गवीला हसू आवरत नाही. तिला म्हटलं, नियम तो नियम.

परीक्षण लिहायचं तर परीक्षक कुठे बसला होता ते आधी सांगितलं पाहिजे. म्हणून रविवारपासून सुरू करतो.

पीण्यात त्या दिवशी सगळी शटर बंद होती. तुझ्या वर्कशॉपच्या आवारात अमितनं गाडी आणून ठेवली, तू फाटक आतून लावलंस आणि किल्ली माझ्या हातात दिलीस. लेथवर आयुधपूजेचे झेंडू वाळत होते, त्यांचा वास अजून नाकात आहे. मी म्हटलं, "अरे, मला दिसत नाही." तू म्हणालास, "आवारात काय बघायचंय? मी शेजारी आहे. करार पुरा कर." मी उजवीकडे बसलो. क्लच पायाला लागला आणि सगळं आठवलं. पहिल्या गिअरमध्ये शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. मला भिंत दिसत नव्हती. तू "सरी, सरी, येऊ दे" म्हणत होतास, आणि मग म्हणालास, "बस." मी ब्रेक दाबला. एवढीच मार्लेट मी चालवली. मग मी आपणहून उतरलो, बॉनेटवर हात ठेवून पलीकडे गेलो आणि डावीकडचं दार स्वतः उघडलं. ते मला कुणी करायला लावलं नाही, हे लिहून ठेव. फेब्रुवारीत मला गाडीतून उतरवलं होतं. रविवारी मी उतरलो.

आता परीक्षण. काल पहाटे राजाजीनगर ते नंदी.

डाव्या सीटवर बसणं म्हणजे विहिरीत उतरणं आहे. उठताना रम्या म्हणाली ते खरं निघालं, तुम्हा नवराबायकोला मला ओढून काढावं लागलं. दारातल्या खणात पाण्याची बाटली मावत नाही. सस्पेन्शन किंचित कडक आहे, म्हणजे काय ते माझ्या कमरेला विचार. हमरस्त्यावर ट्रक शेजारून गेला की बोललेलं ऐकू येत नाही, तीनदा ओरडावं लागतं आणि मग काय सांगायचं होतं ते विसरायला होतं. टप उघडा असल्यामुळे शेजाऱ्याच्या केसांचं जे होतं ते मला होण्यासारखं राहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

पहिली काही वळणं तू फार जोरात घेतलीस. मला दाखवायचं होतं तुला, कळलं मला. गाडी चिडल्यासारखी धावली. मग कुठेतरी तू आपणच गती कमी केलीस, आणि ती गाडी बदलली. वळणाआधी हळू, वळणात शांत, बाहेर पडताना मोकळी. तुला कुणाची आठवण झाली ते मी विचारलं नाही.

मला समोरचा रस्ता दिसत नव्हता. पण समोरचा रस्ता बघणं हे डावीकडच्याचं कामच नाही, हे मी इतके महिने विसरलो होतो. मला कडेचं दिसत होतं. कठडा, त्याच्यावरचं शेवाळ, धुक्यात उभी निलगिरीची झाडं, द्राक्षांचे मांडव, चहाच्या टपरीवर हात वर केलेला माणूस. सगळं होतं. उलट तुलाच विचारलं तर तू म्हणालास, "कुठला माणूस?" गेल्या आठ महिन्यांत मला प्रथमच वाटलं की माझं काही चुकत नाहीये.

आणि वरच्या त्या अवघड वळणावर समोरून बस आली. तू जोरात ब्रेक दाबलास, आणि त्याच क्षणी तुझा डावा हात स्टिअरिंग सोडून माझ्या छातीवर आडवा आला. रणज्या, मला सीटबेल्ट होता. त्या हाताची काही गरज नव्हती. तुला स्वतःला तरी कळलं का, हात कधी गेला ते? विठोजीकाका असंच करायचे. जीपला बेल्ट नव्हता, प्रत्येक ब्रेकला त्यांचा हात माझ्या छातीवर यायचा, आणि मला तेव्हा वाटायचं की हा गाडीचाच एक भाग आहे. तू मागे उभा असायचास. तुला तो हात कधी लागला नाही, पण तुझ्यात तो आलाय.

परीक्षणांवर किती विश्वास ठेवायचा, असं तू मला लहानपणापासून विचारतोस. माझं उत्तर हे, की लिहिणारा कुठे बसला होता ते विचारायचं, आणि त्याला सांभाळायला शेजारी कोण होतं ते विचारायचं. मग जे उरेल ते खरं.

शेवटचं पान या खेपेला फाटलेलं नाही, म्हणून निकाल लिहितो. सोळाव्या वर्षी लिहिलं होतं त्यातला एक शब्द बदलायची गरज नाही. ही गाडी घाईत असलेल्याची नाही. शेजारी बसलेल्याला वाटा मिळतो. गाडी घे.

तुझा
उल्हास


ता. क. रणजीत भावजी, मी प्रमोदिनी. काल घरी आल्यापासून हे एकसारखे बोलताहेत. भार्गवी म्हणाली, आई, बाबांचा आवाज परत आला. बाकी काय लिहू? गाडी घ्या.

हे मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरलं. कागद बाजूला धरून त्यांनी सावकाश वाचलं, आणि म्हणाले, "'घ्या'च्या आधी 'लगेच' घाल."